रझाकार आणि जबाबदार राज्यपद्धती
(हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या दशकातील एक प्रकरण)

बीदर जिल्ह्यातील ज्या सीमाभागात आम्ही शिक्षकी पत्करली, तेथील जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे कोणी उघडून पाहिली तर त्यांत १ जून ही जन्मतारीख विलक्षण वेळा आढळेल. खरी तारीख कोणास ठाऊक नसे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात पन्नाशीच्या आसपासची माणसे वयाच्या दाखल्यासाठी कचेरीत येत, तेव्हा आम्ही विचारीत असू, "खरा जन्म केव्हाचा?" उत्तर बहुधा ठरलेले असे : "रझाकारात झालो, असं आई सांगायची." दुष्काळाचे साल, पटकीचे साल, तसेच हे एक साल. लोकांच्या कालगणनेत राजाचे नाव नाही, दिवाणाचे नाही; ज्यांस सरकारने कधी नेमले नव्हते, ज्यांची नावे कोणत्याही पगारपत्रकावर नव्हती, त्यांचे नाव तेवढे सालाला मिळाले.

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वखुशीने सेवा करणारा, म्हणजे स्वयंसेवक. मराठवाड्याच्या बोलीत मात्र 'रझाकारी' म्हणजे बेबंद जुलूम. शब्दाची ही अधोगती का झाली हे सांगताना आपल्याकडे अत्याचारांची जंत्री दिली जाते. ती खोटी नाही, आणि ज्या घरांतून माणसे गेली त्यांनी ती विसरावी असे कोणीही म्हणणार नाही. परंतु आमच्या मते या प्रकरणाचा आणखी एक पैलू अभ्यासकांनी पाहावयास हवा. संस्थानात त्याच दहा वर्षांत 'जबाबदार राज्यपद्धती'ची मागणी वाढत होती. जबाबदार म्हणजे जाब देण्यास बांधलेला. आणि त्याच दहा वर्षांत रक्षणाचे काम हळूहळू अशा लोकांच्या हाती गेले की ज्यांना जाब विचारण्याची सोयच नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढून हैदराबादचा इतिहास समजत नाही, असे आम्हांस वाटते.

पदरी नसलेल्या हत्यारबंदांवर राज्य चालविण्याची सवय हैदराबादला जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरब आणि रोहिले जमादार सावकारी करीत, महसुलाच्या बदल्यात मुलूख गहाण घेत, आणि कर्ज थकले की ऋणकोस आपल्याच देवडीत डांबून ठेवीत. (बडोद्यासही अरब शिबंदीने असाच जाच केला होता, १८०२ मध्ये त्यांस हुसकावण्यास इंग्रजी पलटण आणावी लागली, आणि ती आली ती मग गेली नाही.) पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले. त्यांनी या जमादारांकडील गहाण मुलूख सोडविला, जिल्हाबंदी केली, नियमित पोलीस खाते उभारले. त्यांची थोरवी आम्ही मानतो. परंतु त्यांची सुधारणा दिवाणी मुलखापुरती राहिली. संस्थानाचा सुमारे एक-तृतीयांश प्रदेश जहागिरींत होता. मोठ्या जहागीरदारांचे स्वतःचे पोलीस आणि स्वतःची न्यायालये अगदी अखेरपर्यंत होती. तेलंगणातील देशमुखांच्या गढ्यांवर लाठीवाले पोसले जात. १९४६ च्या ४ जुलैला विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी कडवेंडी गावी दोड्डी कोमरय्या या तरुणास गोळी घालून ठार केले, आणि तेलंगणाचा सशस्त्र लढा पेटला तो तेथून. पाटलाच्या वाड्यावरची लाठी ही सरकारची की पाटलाची, हा प्रश्न खेड्यातल्या कुळाला कधी पडत नसे. त्याला दोन्ही एकच.

अशा भूमीत १९३८ साल उगवले. त्या वर्षीच्या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्यासारख्या आहेत. राज्यसुधारणांसाठी नेमलेल्या अरवमुदु अय्यंगार समितीचा अहवाल त्या वर्षी तयार झाला. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सरकारने बंदी घातली, आणि ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन ही १९२७ मध्ये निघालेली संस्था त्याच वर्षी नवाब बहादूर यार जंग यांच्या नेतृत्वाखाली आली, आणि तिच्या स्वयंसेवकदलाचा पायाही याच सुमारास पडला. एकीकडे सनदशीर मार्गाने मागणी करणाऱ्या संस्थेला बंदी, तर दुसरीकडे कवायत करणाऱ्या दलाला मोकळीक. 'गश्ती निशाण ५३' हे नाव मराठवाड्यातील ग्रंथालयांच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी नेहमी असे. या परिपत्रकान्वये सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. वाचनालयाच्या वार्षिक सभेस परवानगी मागावी लागे. संचलनास मात्र लागत नसे.

बहादूर यार जंग यांच्याविषयी अन्याय होऊ नये. ते असामान्य वक्ते होते, आणि पुढे त्यांनी पदवी व जहागीर यांवर पाणी सोडले. त्यांच्या काळी रझाकार हे मुख्यत्वे सेवादलच होते. पण त्यांनी ज्या सिद्धांताला चालना दिली तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. 'अनल मलिक', म्हणजे मीच राजा : संस्थानातील सार्वभौमत्व निजामाच्या व्यक्तीत नसून मुस्लिम समाजात आहे, निजाम त्याचे केवळ प्रतीक. वरवर पाहता हा विचार राजेशाहीच्या विरुद्ध आहे. सत्ता राजाकडून काढून लोकांस देणारा आहे. मात्र त्या 'लोकां'त संस्थानाच्या प्रजेपैकी आठांतील एकच जण बसत होता. लोकसत्तेचे हे रूप अर्धे नव्हते, अष्टमांश होते. १९३९ च्या सुधारणांत निर्वाचित जागा हिंदू व मुसलमान यांस सारख्या देऊ केल्या, त्याही व्यवसायवार मतदारसंघांतून. त्या प्रत्यक्षात आल्या १९४६ मध्ये, आणि नुकतीच बंदी उठलेल्या स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला. बहिष्कार योग्य होता की नाही यावर वाद होऊ शकतो. कायदेमंडळ दुबळे असो, निदान तेथे प्रश्न विचारता येतो, असे म्हणणारे त्या वेळीही होते.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग अकस्मात निवर्तले, आणि दोन वर्षांनी मजलिसची सूत्रे कासिम रझवी याच्या हाती गेली. हा अलीगढला शिकलेला, लातूरला वकिली करणारा गृहस्थ. वकिलाने कायद्याबाहेरची फौज उभी करावी हा योगायोग आम्हांस नेहमी चमत्कारिक वाटत आला आहे. त्याच्या हाताखाली रझाकारांचे रूप पालटले. खाकी पोशाख, गावोगाव 'सालार', नेत्याच्या नावे शपथ, वर्गणीच्या नावाखाली वसुली. संख्येचे अंदाज दोन लाखांपर्यंत जातात. त्यांत बंदूकधारी थोडे, बाकीच्यांच्या हाती भाले, तलवारी, ठासणीच्या जुन्या बंदुका. सगळे धर्माभिमानानेच आले असेही नाही. ज्याला कालपर्यंत गावात कोणी बसावयास सांगत नसे त्याला पोशाखाने एक प्रतिष्ठा दिली. काही ठिकाणी दलित समाजातील तरुणही त्यांत सामील झाले होते, आणि सवर्ण गावकऱ्यांनी त्याचे कारण आपल्या अंगणातही शोधावयास हवे होते.

तालुक्याच्या ठिकाणी कारभार कसा बदलला ते पाहा. पूर्वी अमीन (म्हणजे पोलीस फौजदार) लाच खाई, मारहाण करी, खोटा खटला उभा करी. पण तो अमीन होता. त्याच्यावर मोहतमिम होता, तालुकदार होता, हैदराबादेस नाझिम होता. अर्ज करता येई. अर्जाचा उपयोग होई असे नाही, पण अर्ज कोणाकडे करावयाचा हे ठाऊक असे, आणि राज्यपद्धती सुधारण्याची आशा अशा अर्जाच्या धाग्यावरच टिकते. रझाकार आल्यावर तो धागा तुटला. पीक कापून नेले, दुकान लुटले, तक्रार घेऊन मनुष्य ठाण्यात गेला, तर हे आपले शिपाई नव्हेत असे अमीन म्हणू लागला. शब्दशः ते खरेच होते. सरकारने केले असते तर सरकारला जे नाकारता आले नसते, ते नाकारण्याची सोय या दलामुळे झाली. सुरुवातीस सरकारला ती मोठी सोयीची वाटली असावी. पण ज्या कामाचे श्रेय-अपश्रेय आपण नाकारतो त्या कामावरचा ताबाही आपल्या हातून जातो, हे निजामाच्या मंत्रिमंडळास लवकरच कळावयाचे होते.

१९४७ च्या ऑक्टोबरात हिंदी सरकारशी 'जैसे थे' कराराच्या वाटाघाटी पूर्ण होत आल्या. छतारीचे नवाब हे त्या वेळी पंतप्रधान. सर वॉल्टर मॉन्क्टन घटना-सल्लागार. कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी मसुदा मान्य केला. निजामानेही मान्यता दिली. सही मात्र आजची उद्यावर ढकलली. शिष्टमंडळ विमानाने दिल्लीस निघावयाचे त्या दिवशी, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, रझाकारांच्या हजारोंच्या जमावाने छतारी, मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांस वेढा दिला. राजधानीत पोलीस होते, संस्थानी लष्कर होते. जमाव हटविण्यासाठी कोणी हलले नाही. अखेर लष्कराच्या साह्याने या मंडळींस घरांतून काढून सुरक्षित जागी न्यावे लागले. दिल्लीस जाणे राहिले. काही तासांनी कासिम रझवी निजामापुढे उभा होता आणि हिंदी सरकार काश्मीरात गुंतले आहे, आता अधिक घेता येईल, असा सल्ला देत होता. छतारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ गेले, आणि एक महिना घालवून २९ नोव्हेंबरला करार झाला तो जवळपास त्याच मसुद्याचा.

या घटनेत एक मतमोजणी आहे, म्हणून ती आम्हांस फार बोलकी वाटते. कार्यकारी मंडळ लोकनियुक्त नव्हते. तरी त्याने चर्चा केली, मते घेतली, निर्णय केला. सहा विरुद्ध तीन. त्या निर्णयाचा निकाल पहाटे रस्त्यावर लागला. संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीचे जे काही अंकुर होते त्यांपैकी 'बहुमताने ठरवावे' हा सर्वांत प्राथमिक. तोच त्या दिवशी खुडला गेला, आणि तोही सत्याग्रहींच्या बाबतीत नव्हे, तर निजामाच्या स्वतःच्या दिवाणखान्यात. यानंतर डिसेंबरात मीर लायक अली पंतप्रधान झाले. पुढे १९४८ च्या सप्टेंबरातील नभोवाणी भाषणात निजामाने, हे मंत्रिमंडळ या दलाने आपल्यावर दडपणाने लादले, अशा आशयाची कबुली दिली. ही कबुली सोयीची होती हे उघड आहे. दहा वर्षे ज्याने झाड वाढू दिले त्याने सावली फार पडते अशी तक्रार करावी, तसेच हे. तरी ती साफ खोटी नव्हती.

ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून दल उभे राहिले त्यांच्यातील विचारवंतांचे तोंडही याच दलाने बंद केले. १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादेतील सात मान्यवर मुसलमानांनी एक निवेदन काढले : रझाकार बरखास्त करा, हिंदी संघराज्यात सामील व्हा. 'इमरोज' या उर्दू दैनिकाने ते छापले. त्याचे तरुण संपादक शोएबुल्ला खान पूर्वीपासूनच रझाकारांवर टीका करीत होते. २१ ऑगस्टच्या रात्री कार्यालयातून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या, आणि ज्या हाताने लिहीत तो हात तोडला. हा खून उर्दू पत्रसृष्टीत आणि मराठी पत्रसृष्टीत सारख्याच आदराने सांगितला जावयास हवा. मराठी पाठ्यपुस्तकांत तो आम्हांस क्वचितच भेटला.

खेड्यांनी काय केले? ज्यांना जमले ते सोलापूर, बार्शी, वऱ्हाड इकडे निघून गेले. ज्यांना जमले नाही त्यांनी गावचे बुरूज डागडुजी करून त्यांवर पहारे बसविले. तेलंगणातील भैरनपल्लीने असा बुरुज अनेकदा राखला. २७ ऑगस्ट १९४८ ला रझाकार पोलीस व लष्कर बरोबर घेऊन आले, आणि त्या गावची सुमारे शंभर माणसे मारली गेली. आमच्या जिल्ह्यातील गोरट्याची कथा त्याच वर्षीच्या मे महिन्यातील. तेथे सुमारे दोनशे बळी गेले असे सांगतात. एकाची बेहिशेबी फौज उभी राहिली की समोरच्याचीही उभी राहते. तेलंगणात कम्युनिस्टांची 'दळे' होती. पश्चिम सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीचे कॅम्प होते. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदी मंडळी ते चालवीत. करोडगिरीची नाकी जाळणे, पटवाऱ्यांची दप्तरे नष्ट करणे, शिंदीची झाडे तोडणे, आणि प्रसंगी रझाकारांच्या ठाण्यांवर हल्ले, असा त्यांचा कार्यक्रम होता. त्यांत निरपराध मुसलमान कुटुंबांसही झळ लागली, हे आपण नाकारू नये. परंतु एक फरक नोंदविण्याजोगा आहे. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक कॅम्पच्या कार्यकर्त्यांनी लुटली. सुमारे वीस लाख रुपये हाती आले. त्या पैशाचा हिशेब ठेवण्यात आला, आणि तो पुढे दिला गेला. गांधींच्या वाटेने निघालेल्यांनी बँक लुटावी हे आम्हांस आजही पचत नाही. पण कोणाला तरी हिशेब द्यावयाचा आहे ही जाणीव ज्या संघटनेत शिल्लक असते ती पुढे विसर्जित होऊ शकते. कॅम्प बंद झाले. कोणी त्यांचे सालार होऊन बसले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सर्व आटोपले. दोन लाखांचे ते दल उन्हातल्या दवासारखे नाहीसे झाले. अंगावरचे खाकी कपडे विहिरीत पडले. यानंतरचे काही आठवडे मात्र आपल्या मराठी लेखनात बहुधा एका वाक्यात आवरले जातात. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना मिस्री यांच्या मंडळाने वर्षअखेरीस जिल्ह्यांतून फिरून भारत सरकारला अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसे, बहुतेक मुसलमान, मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. सरहद्दीपलीकडून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांचा, आणि काही ठिकाणी खुद्द लष्कर व पोलीस यांतील लोकांचाही, त्यात हात असल्याचे त्यांनी लिहिले. ज्या साळ्यांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंस वाचविताना स्वतः प्राण गमावले त्यांचाही उल्लेख त्या अहवालात आहे. मेलेले बहुतेक खेड्यातील गरीब होते. रझवीच्या भाषणांनी त्यांस कवच दिले नव्हते, केवळ निशाणी दिली होती.

पुढील इतिहास थोडक्यात असा. डिसेंबर १९४९ पर्यंत मेजर जनरल चौधरी यांचे लष्करी शासन. जहागिरी याच काळात रद्द झाल्या, आणि त्यांबरोबर जहागिरी पोलीसही. मग वेल्लोडी यांचे नेमलेले मंत्रिमंडळ. १९५१ च्या ऑक्टोबरात कम्युनिस्टांनी सशस्त्र लढा मागे घेतला, आणि १९५२ च्या निवडणुकीत कालपर्यंत रानात फिरणारे मते मागण्यास दारोदार आले. १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ९३ आणि लोकशाही आघाडीला ४२ मिळाल्या. नलगोंड्याहून रावी नारायण रेड्डी लोकसभेवर गेले ते साऱ्या देशात सर्वाधिक मते घेऊन. बुरगुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. संस्थानाच्या इतिहासात प्रथमच रक्षकांचा जाब विचारता येईल असे सभागृह अस्तित्वात आले. ते टिकले मात्र चारच वर्षे, कारण १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यच तीन ठिकाणी वाटले गेले. आज १७ सप्टेंबर तीन राज्यांत तीन नावांनी पाळला जातो. आमच्या मुलांचे नांदेडला राहणारे मामेभाऊ तो दिवस एका नावाने ओळखतात, आमची मुले दुसऱ्या.

कासिम रझवीवर खटले चालले. त्यास वकील मिळाले, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात शिक्षा झाली. शोएबुल्ला खान यांच्या खुनाच्या आरोपातून उच्च न्यायालयाने त्यास सोडले. शोएबुल्लांच्या घरच्यांस त्या निकालाने काय वाटले असेल याची कल्पना आम्हांस करवत नाही. तरीही तो निकाल उघड्या न्यायालयात, कारणे देऊन झाला होता. १९५७ मध्ये तो सुटला, पाकिस्तानात गेला, आणि १९७० मध्ये कराचीस मरण पावला. सुंदरलाल मंडळाच्या अहवालातील मृतांच्या वाट्यास असे काही आले नाही. तो अहवाल दप्तरात बंद राहिला. सर्वसामान्य अभ्यासकास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहता येऊ लागला तो २०१३ मध्ये. त्या वेळी, 'रझाकारात' ज्यांचा जन्म झाला तेही पासष्ट वर्षांचे झाले होते, आणि त्यांस ती गोष्ट सांगणाऱ्या आया बहुतेक हयात नव्हत्या.